शापायची बंदूक, शामायचे केप

"आजी-आजोबांच्या घरातली एक वस्तू" हा विषय मंडळाच्या ग्रुपवर पडला आणि दहा मिनिटांत जातं, पानपुडा, पितळी डबा, भिंतीवरचं घड्याळ, पत्र्याची ट्रंक सगळं बुक झालं. मी टाकलं, "बंदूक." तिघांनी हसणारे चेहरे पाठवले. एकीनं विचारलं, "आजोबा मिलिटरीत होते का गं?" दुसऱ्यानं विचारलं, "जमीनदार होते?" दोन्ही नाही. माझे आजोबा सावंतवाडी तालुक्यातले साधे शेतकरी होते. दीडेक एकर भात, थोडे काजू, पाच-सहा माड. आणि माजघराच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर, दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली एक ठासणीची बंदूक.

संपादक म्हणाली, "मग नीट समजावून लिही. आम्हाला यातलं काहीच कळत नाही." म्हणून हा लेख. मलाही बरंचसं गेल्या दीड वर्षातच कळलं, तेही बंदूक भिंतीवरून उतरल्यानंतर.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी सिल्वासाची. म्हणजे पप्पा नव्वदच्या दशकात इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मी इथेच जन्मले, इथेच शाळेत गेले. गाव मात्र सिंधुदुर्गात. आम्ही कॅथलिक, घरात कोकणी आणि मालवणी यांची भेसळ बोलतो. आजोबांना शापाय म्हणायचं, आजीला शामाय. वर्षातून दोनदा गावी जायचो, मे महिन्यात आणि जमलं तर गणपतीच्या सुट्टीत. त्या सुट्टीत भात पोटरीला आलेलं असायचं आणि घरातली मोठी माणसं रात्री नीट झोपायची नाहीत.

शहरातल्या मुलांना बंदूक म्हटलं की सिनेमातली आठवते. ठासणीची बंदूक तशी नसते. तिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी पूड. त्यावर नारळाच्या सोडणाचा बोळा. मग लोखंडी गजाने ठासायचं. मग छर्रे, परत बोळा, परत ठासणं. मागच्या बाजूला घोड्याखाली एक लहान पोकळ घुंडी असते, तिच्यावर तांब्याचा इवलासा केप बसवायचा. चाप ओढला की घोडा केपावर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एक बार काढून झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शापाय सावकाश माणूस, त्यांना दोन मिनिटं तरी लागायची. तोवर डुक्कर काही पुढच्या बाराची वाट बघत उभं राहत नाही.

केपाच्या मागची गोष्ट मला फार आवडते. चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगी दिसायची, बार मागून व्हायचा, आणि तेवढ्या वेळात पाणपक्षी बुडी मारायचे. स्कॉटलंडमधल्या एका पाद्रीला, अलेक्झांडर फोर्सिथ यांना, याचा भयंकर राग होता. त्यांनी ठोका बसताच पेटणारी रसायनं वापरून नवी कळ बनवली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे इतरांनी त्यातूनच तांब्याचा केप काढला. थोडक्यात, प्रवचन देणाऱ्या माणसाला बदकं मिळेनात म्हणून जगाच्या बंदुका बदलल्या. हे मी शापायना सांगितलं तेव्हा ते खूप हसले आणि म्हणाले की आमच्या पाद्रीसायबाक सांगू नको.

आता मुख्य प्रश्न. साध्या शेतकऱ्याकडे बंदूक आली कशी? 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात, इंग्रजांनी शस्त्र कायदा केला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी घातली. 1857 त्यांच्या लक्षात होतं. स्वातंत्र्यानंतर नवा कायदा आला तो 1959 चा. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. परवान्याची सक्ती त्यातही राहिली, पण कलम 13 मध्ये शेतकऱ्यासाठी एक लहानशी खिडकी ठेवली गेली. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि दुसरं काही आड येत नसेल, तर परवाना द्यावा, असं कायदाच म्हणतो. ठासणीची पुरेशी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत ज्याला लोक "शेती संरक्षणाचा परवाना" म्हणतात तो हाच. कोकणातल्या जुन्या घरांत ही बंदूक कोयता, पारय आणि इरलं यांच्या रांगेतली वस्तू होती. फरक एवढाच की कोयत्याला कलेक्टरचा शिक्का लागत नाही.

कोडगूत याहून वेगळं आहे. तिथल्या कोडव समाजाला परवान्यातूनच सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. केंद्र सरकारनं ती 2029 पर्यंत वाढवली आहे आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती योग्यही ठरवली. त्यांच्याकडे भातलावणी आटोपल्यावर हत्यारांच्या पूजेचा सण असतो. आमच्या वाडीतल्या हिंदू घरांतही दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू लागायचं. आमच्या घरी पूजा नव्हती, पण दरवर्षी "नवें"च्या दिवशी, म्हणजे नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून आणतात त्या दिवशी, शामाय एक कणीस आल्तारावर ठेवायची आणि एक बंदुकीच्या खुंटीत अडकवायची. कारण विचारलं तर म्हणायची, "तिणा राखल्यान." तिने राखलं.

राखलं म्हणजे काय केलं? इथे मला स्वतःचाच एक गैरसमज सांगायला हवा. लहानपणी मला वाटायचं, शापाय रात्री जाऊन डुकरं मारतात. चौथीत असताना मी वर्गात तसं सांगितलंही, मोठ्या ऐटीत. प्रत्यक्षात शापायनी आयुष्यात किती डुकरं मारली हे मी त्यांना बारावीच्या सुट्टीत विचारलं. ते कुणग्याच्या मेरेवर बसून विडी ओढत होते. बराच वेळ आठवल्यासारखं करून म्हणाले, "डुकराक मारूचा नसता गे चेडवा. तेका फक्त सांगूचा असता, माणूस जागो हा म्हणान."

डुकराला मारायचं नसतं, माणूस जागा आहे एवढंच त्याला सांगायचं असतं. भात दुधावर आलं की रानडुकरांचा कळप रात्री उतरतो. खाण्यापेक्षा तुडवतो आणि लोळतो जास्त. एका रात्रीत कुणगा आडवा. म्हणून शेताच्या कडेला खोप घालून तिथे राखणीला झोपायचं, मधूनमधून डबा वाजवायचा, हाळी द्यायची आणि अगदीच जवळ चाहूल लागली तर एक बार, तोही बहुतेक वेळा छर्रे न घालता. आधी दारू वाचवायची म्हणून आणि नंतर कायद्याच्या धाकानं.

कारण 1959 च्या कायद्यानं बंदूक दिली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती झाडायला परवानगी घ्यायला लावली. म्हणजे दोन कायद्यांच्या मधोमध शापायची खोप. पिकाच्या रक्षणासाठी बंदूक ठेवा असा एक कागद, आणि रानडुकराला विनापरवाना माराल तर गुन्हा असा दुसरा. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुक्कर आणि रोहींना मारण्यासाठी वन अधिकाऱ्याकडे अर्ज करायची पद्धत सोपी केली. आधी तक्रार, मग पाहणी, मग परवानगी. कागदावर सोपं आहे. पण डुक्कर रात्री दोनला येतं, आणि रात्री दोनला अर्ज कुठे करायचा? माधव गाडगीळांसारख्या पर्यावरणाच्याच अभ्यासकानं हा कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो असं वारंवार मांडलं आहे. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. मला डुकरं मेलेली नको आहेत आणि शामायचं भातही तुडवलेलं नको आहे. असं दोन्ही मागणाऱ्याला गावात "सिल्वासाची पाहुणी" म्हणतात.

आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायची म्हणून. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. खरं तर सरसकट सगळ्यांनी जमा करायची गरज नाही. जिल्ह्यात छाननी समिती बसते, तिनं कोणाकडून धोका आहे ते बघून ठरवायचं, असं निवडणूक आयोगाच्या सूचनांत आहे. पण खेड्यातला माणूस नोटीस आली की वाद घालत नाही. शापाय बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीनं न्यायचे आणि पावती घेऊन यायचे. आता महाराष्ट्राच्या विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा. 2009 ला 13 ऑक्टोबर. 2014 ला 15 ऑक्टोबर. 2019 ला 21 ऑक्टोबर. आचारसंहिता त्याआधी महिनाभर. कोकणात भात पिकतं आणि कापलं जातं ते नेमकं याच दिवसांत. म्हणजे लागोपाठ तीन विधानसभांना, ज्या महिन्यासाठी बंदूक दिली होती त्याच महिन्यात ती ठाण्याच्या खोलीत होती. शापाय याला "डुकरांची आचारसंहिता" म्हणायचे. त्या दिवसांत खोपीत डबा वाजवायचं काम शामायकडे.

इथपर्यंतचं मी कॉलेजात मैत्रिणींना रंगवून सांगायचे. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका वारली मैत्रिणीला सांगितलं. ती खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या आजोबांच्या घरी तीर-कामठा होता. बंदूक आमच्या घरात कधीच नव्हती. बंदूक असायची ती सावकाराच्या माणसाकडे नाहीतर शिपायाकडे."

मी गप्प झाले. मी ज्या जमिनीवर वाढले तिचा इतिहास मला दुसऱ्या टोकाकडून माहीत होता. सिल्वासात बंदूक म्हटलं की शाळेतलं 2 ऑगस्टचं भाषण आठवतं. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून सुटली ती 1954 च्या पावसाळ्यात. 21 जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सनं दादरा घेतलं. तिथल्या चौकीवरचे पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारिओ त्यात मारले गेले. पुढे 28 जुलैला नरोली, 2 ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके या लढ्यात होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि हत्यारांना पैसे हवेत म्हणून पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. म्हणजे ज्या बंदुकांनी माझं गाव स्वतंत्र केलं त्यातल्या काही गाण्याच्या तिकिटांवर आल्या. हे सगळं मला पाठ होतं. मारणारे आणि मरणारे दोन्ही बाजूंना आमच्यासारखी नावं असलेली माणसं होती, यावर मी कधी थांबून विचार केला नव्हता. आणि या सगळ्यात वारल्यांची बंदूक कुठे होती हा प्रश्न तर पडलाच नव्हता.

मैत्रिणीनं त्यावर भाषण दिलं नाही. तिनं फक्त विचारलं की आपल्या सिलॅबसमध्ये नाव असलेलं गोदावरी परुळेकरांचं "जेव्हा माणूस जागा होतो" मी वाचलंय का. मी नुसतं नाव पाठ केलं होतं, 1970 ची पहिली आवृत्ती, 1972 चं साहित्य अकादमी पारितोषिक, दोन मार्कांचा प्रश्न. मग वाचलं. डहाणू, तलासरी, उंबरगावचे वारली, वेठबिगार, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभराची गडीगिरी. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड त्यात मारले गेले. तलासरी सिल्वासापासून तासाभराच्या आत आहे, आम्ही तिथून मुंबईला जाताना वडापाव खायला थांबतो. पुस्तकाचं नाव मिटून ठेवताना मला शापायचं ते मेरेवरचं वाक्य आठवलं. तेच शब्द जवळजवळ. पण शापायकडे जागं असल्याचं सांगायला बंदूक होती, आणि इथे जागं झाल्याचं उत्तर बंदुकीनं मिळालं होतं.

तिच्याकडच्या भाताला डुकरं लागत नाहीत असं नाही. तिथेही माळे घालतात, गोफणी चालतात, हल्ली फटाके लावतात. बंदुकीचा परवाना मिळणं इथे तसंही कठीण आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला शस्त्राची वेगळी नोंद करावी लागते आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. दादरा नगर हवेली सगळी मिळून 491 चौरस किलोमीटर, त्यातच अभयारण्य. दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर बाहेर फारसं उरत नाही.

शापाय 2024 च्या जूनमध्ये गेले. पेरणी झाली होती. सातव्या दिवसाची मिसा झाल्यावर अंगणात खुर्च्या टाकून सगळे बसले आणि मालाडच्या अंकलनी विषय काढला की बंदुकीचं काय. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरात राहिलेली बंदूक बेकायदा होते, ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मग वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळा नियम आहे, आणि परवानाधारक हयात असतानाही सत्तर वर्षांचा झाला किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगून झाली की वारसाचं नाव सुचवू शकतो. शापायनी सुचवलं नव्हतं. सुचवतील कुणाला? अंकल मुंबईत, पप्पा सिल्वासात. शेती न करणाऱ्यानं शेती संरक्षणाचा परवाना कशाच्या जोरावर मागायचा?

कुणीतरी माझ्या भावाचं नाव घेतलं. तो सतरा वर्षांचा. कायद्यात वय एकवीस पूर्ण लागतं. तेव्हा अंकल हसत माझ्याकडे बघून म्हणाले, "मग हिला घे. हिला लवकरच एकवीस होतील." सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप येईना. एकवीस म्हणजे काय काय होतं याची मी यादी केली होती, त्यात हे नव्हतं.

त्या रात्री शामाय माझ्या शेजारी झोपली होती. ती म्हणाली, "तुका एक गोष्ट सांगतंय. तुझ्या बापाशीक पण म्हायत नाय." आणि तिनं सांगितलं ते मी तिला विचारून इथे लिहिते आहे. पप्पा लहान असताना शापायचं त्यांच्या चुलत भावाशी बांधावरून भांडण झालं. कोकणात बांधाचं भांडण म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, हातभर मातीसाठी दोन पिढ्या बोलत नाहीत. एका संध्याकाळी शापाय दारू पिऊन आले, बंदूक खाली घेतली, नळीत दारू ओतली, ठासली, छर्रे घातले आणि केप मागितले. केप कायम शामायकडे असायचे. जुनी व्यवस्था होती ती, लग्न होऊन आली तेव्हा सासूनं केपांची डबी तिच्या हातात दिली होती आणि बंदूक पुरुषांची, केप बायकांचे असं सांगितलं होतं. शामाय म्हणाली, केप संपले. शापायना ठाऊक होतं की संपलेले नाहीत. त्यांनी घर उपसलं. पेट्या, भांडी, तांदळाचं पिंप. शामाय चुलीपुढे बसून राहिली, पोळे घालत. डबी आल्ताराच्या मागे होती, रोझरीच्या पिशवीत, आणि तिथे हात घालायचं त्यांना सुचलं नाही किंवा धजलं नाही. थोड्या वेळानं ते झोपले. सकाळी त्यांनी स्वतःच गजाच्या टोकाला स्क्रू लावून बार उलटा काढला, म्हणजे बोळे, छर्रे, दारू सगळं बाहेर. पुन्हा कुणी त्यावर बोललं नाही. त्या चुलत भावाच्या पोरांनीच आता शापायची शवपेटी खांद्यावर घेतली होती.

मी लेखात वर लिहिलं ना, की आमच्या घरी बंदूक म्हणजे कोयता-पारय यांच्या रांगेतली वस्तू. ते मी त्या रात्रीच्या आधी ठरवलेलं वाक्य आहे. खोडलं नाही, कारण तेही खरं आहे. पण कोयत्याचा एक भाग बायकोनं लपवून ठेवावा अशी व्यवस्था कुठल्या घरात नसते. बंदूक वापरणाऱ्या घरांना ती काय आहे हे पक्कं माहीत होतं. कायद्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपापली परवाना पद्धत लावली होती, आणि आमच्या घरात परवाना देणारी शामाय होती.

मी विचारलं, "मग आता बंदूक ठेवूया की नको?" ती म्हणाली, "भात असा तवसर होयी." भात आहे तोवर हवी.

दुसऱ्या दिवशी पप्पा, मी आणि शामाय ठाण्यात गेलो. गोणपाट तेच, निवडणुकीचं. हवालदारांनी नंबर तपासला, नळी तपासली, परवाना ठेवून घेतला. मग विचारलं, "दारू, केप काही शिल्लक?" पप्पा नाही म्हणणार तेवढ्यात शामायनं ब्लाउजमधून डबी काढून टेबलावर ठेवली. पप्पा बघतच राहिले. हवालदारांनी केप मोजले.

त्या ऑक्टोबरात बंदूक नव्हती. शामायनं डबे वाजवले, चुलत घरातल्या मुलांनी खोपीत झोपून राखण केली, तरी खालचा कुणगा गेला. नोव्हेंबरात मी एकवीस वर्षांची झाले आणि अर्जाचं बघायला म्हणून नियम पहिल्यांदा नीट वाचले. वारस म्हणजे मुलगा-नातू असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. नियमात पत्नी आहे. स्पष्ट आहे. अंगणातल्या त्या बैठकीत सात मोठी माणसं होती आणि जी बाई त्या घरात राहते, ते शेत करते, चाळीस वर्षं निवडणुकीच्या महिन्यात राखण करते, तिचं नाव कुणाच्या, माझ्यासुद्धा, तोंडात आलं नाही.

फोनवर तिला सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली, "माका? ह्या वयात?" मग गप्प. मग, "फोटो लागतलो?" मी म्हटलं, लागेल. नाताळात गेलो तेव्हा तिनं सावंतवाडीच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला, फेस्ताची साडी नेसून, केसाला तेल लावून. अर्ज मी भरला. व्यवसाय, शेती. कारण, पीकसंरक्षण. इतर वारसांची हरकत नाही म्हणून पप्पा आणि अंकलनी सह्या दिल्या. आता कागद पडताळणीत आहेत आणि या पावसाळ्याआधी होईल असं ऐकतोय.

बार काढायचा कुणी, हे विचारलं तर ती म्हणते, बघूया. चुलत घरातला एकजण तयार आहे, पण परवाना ज्याच्या नावावर त्यानंच वापरायची असते, हे मी तिला तीनदा सांगितलं आहे. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली की बंदूक खांद्याला कशी लावतात ते ती पन्नास वर्षं बघते आहे.

ठाण्यातली पावती तिनं रोझरीच्या पिशवीत ठेवली आहे, डबी असायची तिथे. मी गेल्या खेपेला काढून वाचली. ठासणीची बंदूक, नग 1. गज, नग 1. केप, नग 7.